भाकरी पाकिटात का मावत नाही?

पुण्याहून नाशिक रस्त्याने निघाले की भोसरी, मोशी मागे पडते आणि थोड्याच वेळात चाकणचे कारखाने दिसू लागतात. हा सारा पट्टा गेल्या सत्तर वर्षांत उभा राहिला. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि २००९ मध्ये परदेशी मोटार कंपन्याही तिथे आल्या. सोलापूर, बीड, लातूर, नगर, जळगाव अशा जिल्ह्यांतून माणसे इथे कामाला आली. ज्वारी-बाजरीची भाकरी खाऊन वाढलेली ही माणसे.

आज त्यांच्या वस्त्यांमधून फिरताना गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्राच्या पाट्या दिसतात. ‘ज्वारी-बाजरीची भाकरी मिळेल’ अशी ओळही बऱ्याच पाट्यांवर असते. आत पाहिले तर दोन-तीन बाया काठवटीवर भाकऱ्या थापत असतात. ज्या पट्ट्यात मोटारीचा सुटा भाग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत अचूक घडवला जातो, हजारो नग एकसारखे निघतात, तिथेच भाकरी मात्र एकेक करून हातानेच थापावी लागते. असे का? बिस्किटे, पाव, शेवया, नूडल्स कारखान्यात होतात, मग भाकरी का होत नाही?

हा प्रश्न आता केवळ गमतीचा राहिलेला नाही. भारताने २०१८ हे भरड धान्यांचे राष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केले. तेव्हापासून ज्वारीचे पोहे, बाजरीची बिस्किटे, नाचणीच्या शेवया, ‘बहुधान्य’ पिठे बनवणारे अनेक लहान उद्योग सुरू झाले आहेत. काही बचत गटांचे आहेत, काही शिकलेल्या तरुणांचे आहेत. या दुसऱ्या प्रकाराला आता सगळे स्टार्टअप म्हणतात. महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत यांच्या मालासमोर गर्दी असते. पालक आपल्याला विचारतात, ‘डब्यात नाचणीची बिस्किटे दिली तर चालतील ना? पौष्टिकच असतात ना ती?’

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: पोषण धान्याच्या नावात नसते. ते दाण्यात असते, आणि दाण्याचे पुढे काय केले जाते यावर त्यातले किती आपल्यापर्यंत पोहोचते हे ठरते. दाणा शेतातून पाकिटात जाईपर्यंत काय काय घडते ते या लेखात पाहू. बरेचसे तुम्हाला वर्गात करूनही पाहता येईल.

दाण्यात असते काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांतील घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यातले काही आकडे पुढे दिले आहेत. सगळे आकडे १०० ग्रॅम धान्यामागे आहेत आणि वाचायला सोपे जावेत म्हणून जवळच्या आकड्यापर्यंत आणले आहेत.

| धान्य | प्रथिने (ग्रॅम) | स्निग्ध पदार्थ (ग्रॅम) | तंतू (ग्रॅम) | कॅल्शियम (मि.ग्रॅ.) | लोह (मि.ग्रॅ.) |
|---|---|---|---|---|---|
| ज्वारी | १०.० | १.७ | १०.२ | २८ | ४.० |
| बाजरी | ११.० | ५.४ | ११.५ | २७ | ६.४ |
| नाचणी | ७.२ | १.९ | ११.२ | ३६४ | ४.६ |
| गव्हाचे पीठ (कोंड्यासह) | १०.६ | १.५ | ११.४ | ३१ | ४.१ |
| पांढरा तांदूळ | ७.९ | ०.५ | २.८ | ७ | ०.७ |

हा तक्ता फळ्यावर लिहून मुलांनाच निष्कर्ष काढायला सांगा. नाचणीचे कॅल्शियम लगेच डोळ्यांत भरते. बाजरी लोहात पुढे आहे. पण आणखीही एक गोष्ट चाणाक्ष मुलांच्या लक्षात येईल. ज्वारी आणि कोंड्यासह दळलेला गहू यांत फार फरक नाही! मोठा फरक आहे तो पांढऱ्या तांदळाशी. मैद्याचा आकडा इथे दिलेला नाही, पण गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकल्यावर मैदा उरतो. म्हणजे खरी तुलना ‘भरड धान्य विरुद्ध गहू’ अशी नसून ‘अख्खा दाणा विरुद्ध सोललेला दाणा’ अशी आहे.

आणि कोणतेही एक धान्य सर्वगुणसंपन्न नसते. १९६० मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील, डॉ. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनच्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग आढळतो असे दाखवून दिले. हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. ही माणसे जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगत होती. ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल जास्त असते, ते यामागचे एक कारण असावे असे त्यांनी मांडले. ज्वारी वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी असेल तर ताट पुरे होते. नुसती भाकरी पुरी पडत नाही, मग नुसते बिस्कीट कसे पडेल?

पहिली अडचण: पीठ टिकत नाही

तक्त्यात बाजरीच्या स्निग्ध पदार्थांचा आकडा पुन्हा पाहा. ज्वारीच्या तिप्पट आहे. हे तेल मुख्यतः दाण्याच्या अंकुरात असते. अख्ख्या दाण्यात ते सुरक्षित राहते, म्हणूनच बाजरी कणगीत वर्षभर राहू शकते. दळल्यावर मात्र अंकुर फुटतो, तेल सगळ्या पिठात पसरते आणि दाण्यातल्याच लायपेज नावाच्या विकराशी त्याची गाठ पडते. विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. लायपेज तेलाचे तुकडे करून मेदाम्ले सुटी करते. पुढे हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यांच्यात आणखी बदल होतात. पीठ कडवट होते, खवट वास येतो. उन्हाळ्यात तर आठवड्या-पंधरवड्यातच हे जाणवते.

घरोघरच्या बायकांना हे रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय माहीत होते. बाजरीचे दळण थोडेथोडेच करायचे, हा त्यांचा उपाय. ज्वारीचे पीठही जुने झाले की ‘विरी गेली’ असे म्हणतात. भाकरी थापताना तिच्या कडा चिरतात. थोडक्यात, स्वयंपाकघराचे उत्तर होते ताजेपणा. पण पहिल्या पाळीसाठी पहाटे घर सोडणाऱ्या माणसाला दर चार दिवसांनी दळण आणणे जमत नाही. त्याला दुकानातून तयार पीठ हवे असते, आणि दुकानदाराला काही महिने टिकणारे पीठ हवे असते. नव्या उद्योगापुढचा पहिला प्रश्न हाच असतो.

यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला, दाणा दळण्याआधी थोडा वेळ उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरायचा आणि मग वाळवायचा. उष्णतेने लायपेज निकामी होते आणि पीठ बरेच जास्त दिवस टिकते. दुसरा, अंकुर आणि कोंडाच काढून टाकायचा. तेलच गेले तर खवटपणा येणार कुठून? हा उपाय सोपा आहे, पण तेलाबरोबर लोह, तंतू, ब गटातील जीवनसत्त्वे यांचाही मोठा वाटा निघून जातो. पाकिटावर दोन्ही पिठांचे नाव एकच असते: ‘बाजरीचे पीठ’.

करून पाहा: ताजे दळलेले बाजरीचे पीठ तीन सारख्या डब्यांत घाला. एक फ्रिजमध्ये ठेवा, एक वर्गातल्या फळीवर ठेवा. तिसऱ्यासाठी वेगळे पीठ घ्या: बाजरी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून, कडक उन्हात पूर्ण वाळवून दळलेले. तोही डबा फळीवरच ठेवा. दर दोन दिवसांनी मुलांना नुसत्या वासावरून तिन्हींना गुण द्यायला सांगा. कोणत्या डब्यात काय आहे, हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसावे. तीन आठवड्यांचा आलेख काढा.

दुसरी अडचण: पिठाला ताण नाही

आता भाकरी यंत्रावर का होत नाही, याकडे वळू. गव्हाच्या पिठात ग्लियाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंतून रबरासारखे जाळे बनवतात. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. या जाळ्यामुळे कणीक लाटता येते, ताणता येते, पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई यांत असे जाळे बनवणारी प्रथिने नाहीत.

करून पाहा: कणकेचा एक घट्ट गोळा आणि ज्वारीच्या पिठाचा तेवढाच गोळा घ्या. दोन्ही अर्धा तास झाकून ठेवा. मग वाडग्यातल्या पाण्यात हळूहळू दाबत धुवा. गव्हाचा पिष्टमय भाग पांढऱ्या पाण्याबरोबर निघून जातो आणि हातात चिवट रबरासारखे काहीतरी उरते. ज्वारीचा गोळा मात्र पाण्यात विरघळल्यासारखा पसरून जातो, हातात काही उरत नाही.

मग भाकरी एकसंध कशी राहते? याचे रहस्य गरम पाण्यात आहे. पिठात कढत पाणी घालून उकड काढतात तेव्हा पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. ज्वारीच्या पिष्टाला यासाठी साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान लागते. म्हणजे गव्हाची पोळी प्रथिनांच्या जाळ्याने बांधलेली असते, भाकरी पिष्टाच्या खळीने. खळीला चिकटपणा असतो पण ताण नसतो. म्हणून भाकरी लाटण्यापेक्षा थापणे सोयीचे पडते. त्यात थापणाऱ्याचा हात दर क्षणी पिठाचा अंदाज घेत असतो. कुठे चीर पडते आहे, कुठे पाणी लावायला हवे, हे तळव्याला कळते. भाकरीची यंत्रे आता निघाली आहेत, पण पिठाचे वय, दळण्याचा बारीकपणा, पाण्याचे तापमान यांपैकी एक जरी बदलले तरी त्यांची घडी बिघडते. शिवाय गार झालेल्या भाकरीतले पिष्ट पुन्हा घट्ट होऊ लागते, ती कडक होते. पाकिटात घालून आठवडाभर मऊ ठेवणे अवघड होते. भाकरी पाकिटात मावत नाही ती अशी!

म्हणून बहुतेक नवे उद्योग भाकरीच्या वाटेला न जाता बिस्किटे, शेवया, पोहे, कुरकुरे यांच्याकडे वळतात. तिथेही ताणाचा प्रश्न सुटावा लागतोच. त्याचे मार्ग असे: गहू किंवा मैदा मिसळणे, गवार किंवा झँथन यांचा डिंक, नाहीतर इसबगोल घालणे, किंवा पीठ आधीच वाफवून, दाबाखाली शिजवून त्यातल्या पिष्टाला खळीचे रूप देणे. पहिला मार्ग सर्वांत स्वस्त आहे. ‘ज्वारीचे बिस्कीट’ म्हणून घेतलेल्या पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत पहिला शब्द ‘मैदा’ दिसतो तो त्यामुळे. दाबाखाली शिजवून फुलवलेल्या किंवा पातळ दाबलेल्या पदार्थांतले पिष्ट लवकर पचते, म्हणून रक्तातली साखरही लवकर वाढू शकते. जाडसर कण्या शिजवून खाणे आणि त्याच धान्याचे कुरकुरे खाणे, शरीराच्या दृष्टीने एकच नव्हे.

याच जागी आपल्या पुणे जिल्ह्यातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. इंदापूर तालुक्यातल्या भोडणी गावचे सत्यजित आणि अजिंक्य हंगे हे दोघे भाऊ बँकेतल्या नोकऱ्या सोडून शेतीकडे परतले. ‘टू ब्रदर्स ऑरगॅनिक फार्म्स’ या नावाने ते आपला माल थेट ग्राहकांना विकतात. त्यांच्या मालात खपली गव्हाचे पीठ आहे. खपली हा गव्हाचा फार जुना प्रकार आहे. मळणी झाली तरी याच्या दाण्यावरचे टरफल सुटत नाही, ते वेगळे कांडून काढावे लागते, म्हणून त्याची लागवड मागे पडत गेली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचा एम.ए.सी.एस. २९७१ हा बुटका वाण तयार केला आहे. आता विचार करा, जुन्या धान्यांपैकी पाकिटात बसायला खपली सोपी का? आमच्या मते याचे एक कारण अगदी साधे आहे. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे, त्याची पोळी होते, पीठ बाजरीसारखे लवकर कडू होत नाही. ग्राहकाला आपली सवय बदलावी लागत नाही. नाचणी-बाजरीच्या उद्योजकाला मात्र हे सगळे फायदे नसतात. आणि याच कारणाने, ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे अशा सीलिॲक रुग्णांना खपली चालत नाही. ‘जुने धान्य’ म्हणजे ‘ग्लुटेन नसलेले धान्य’ असा समज काही ठिकाणी आढळतो, तो चुकीचा आहे.

तिसरी अडचण: आहे, पण मिळत नाही

दाण्यात लोह किती आहे हे तक्त्यात कळते. शरीराला त्यातले किती मिळते हे कळत नाही. दाण्याच्या बाहेरच्या थरांत फायटिक आम्ल असते. झाडाने फॉस्फरसचा केलेला तो साठा असतो. हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवते आणि आतड्यातून त्यांचे शोषण कमी होते.

यावरचे जुने उपाय आपल्या घरात आहेत. धान्य भिजवून मोड आणले की दाण्यातले फायटेज हे विकर जागे होते आणि फायटिक आम्ल तोडू लागते. पीठ आंबवले तरी तसेच होते. नाचणीच्या आंबिलीत हेच घडते. जेवताना लिंबू पिळले तर त्यातले क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते.

मोड आणल्याने आणखी एक मोठा फायदा होतो. रुजणाऱ्या दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. बाळाच्या पेजेचा प्रश्न इथे सुटतो. पेज घट्ट केली तर बाळ गिळू शकत नाही, पातळ केली तर तिच्यात नुसते पाणीच जास्त. बाळाचे पोट लहान, वाटीभर पाण्याने ते भरून जाते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की मोड आणून वाळवलेल्या धान्याचे थोडेसे पीठ घट्ट पेजेत घातले तर ती पातळ होते. अन्न तेवढेच, पण गिळता येण्याजोगे. टांझानियात याच काळात मोड आलेल्या ज्वारीच्या अशाच पिठावर काम झाले.

करून पाहा: नाचणीचे साधे पीठ शिजवून चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट पेज करा आणि दोन वाट्यांत घाला. बोट सोसवेल इतपत गरम असताना एका वाटीत मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ ढवळा. दुसऱ्या वाटीत चमचाभर साधे पीठ ढवळा. दहा मिनिटांत काय होते ते पाहा. पेज उकळती असतानाच मोडाचे पीठ घातले तर प्रयोग फसतो. का, ते मुलांना विचारा. खायची असेल तर पातळ झालेली पेज पुन्हा उकळून घ्यावी, कारण मोड आणताना जंतूही वाढू शकतात. हा प्रयोग नाचणीवरच करा. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड निर्माण करू शकणारे द्रव्य असते. ज्वारीला मोड आणून वापरायचे तर कोंब काढून टाकावे लागतात.

आता ‘नाचणी सत्त्व’ या पाकिटाकडे येऊ. या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एका पद्धतीत नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळतात. दुसऱ्या पद्धतीत भिजवलेली नाचणी वाटतात, फडक्यातून गाळतात, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात आणि चोथा टाकून देतात. दुसरे सत्त्व दिसायला गोरे, पचायला हलके. पण नाचणीचे बरेचसे कॅल्शियम तिच्या तांबूस सालीत असते, आणि ती साल चोथ्यात गेलेली असते. ज्या कॅल्शियमसाठी आपण नाचणी आणली त्याचा मोठा भाग असा टाकून दिला जातो! २०२४ मध्ये राज्याच्या शालेय पोषण आहाराच्या पाककृतींत नाचणी सत्त्वाचा समावेश झाला. त्यामुळे कोणते सत्त्व, हा प्रश्न शाळेच्या दारापर्यंत आला आहे. पाकीट पांढरे आहे की तांबूस, इतके पाहिले तरी पुष्कळ काही कळते.

दाण्यात मुळातच जास्त लोह असेल तर? राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण काढला. तो महाराष्ट्रात २०१२ मध्ये प्रसारित झाला. तो संकरित नसल्याने शेतकरी घरचे बी ठेवू शकतो. अशाच जास्त लोहाच्या बाजरीवर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात झालेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींचे दोन गट केले होते. सहा महिने एका गटाला या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होते, त्यांच्यापैकी ही कमतरता भरून निघण्याची शक्यता पहिल्या गटात सुमारे १.६ पट होती. लक्षात घ्या, यात औषध नव्हते, गोळी नव्हती. रोजची भाकरी होती, पण कोणत्या दाण्याची, हे महत्त्वाचे ठरले. वयही नेमके आपल्या वर्गातल्या मुलांचे.

चौथी अडचण: टरफल आणि हिशेब

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचा डोंगर आहे. तिथल्या उतारांवर नाचणी आणि वरई पिकते. म्हणजे धान्य आणि गिऱ्हाईक एकाच तालुक्यात आहेत, पण दोघांची भेट होत नाही. मधे टरफल आहे. नाचणीची साल दाण्याला चिकटून असते आणि दाण्याबरोबर दळता येते. वरई, राळा, सावा, कोद्रा यांच्यावर मात्र कठीण टरफल असते, ते काढल्याशिवाय खाता येत नाही. पूर्वी घराघरात उखळात कांडून, सुपात पाखडून हे काम होई आणि ते बायकांच्याच माथी असे. कांडणाचे कष्ट नकोत म्हणून ही पिके ताटातून गेली, हे विसरून चालणार नाही. आज वरईची भगर करणाऱ्या गिरण्या नाशिक परिसरात एकवटल्या आहेत.

किलोभर वरईतून किलोभर भगर निघत नाही. टरफल, तूस, फुटलेली कणी, खडे-माती वजा होतात. मग वाहतूक, वाफवणे, वाळवणे, पाकीट, परवाने आणि न खपलेला माल. पाकिटाची किंमत धान्याच्या कित्येक पट होते ती अशी. यात नफेखोरी नसते असे नाही, पण सगळीच वाढ नफेखोरीची नसते.

टरफल काढणारे लहान यंत्र, धान्य सारखे भाजणारे फिरते पिंप, नेमक्या जाळीच्या चाळण्या, वाफवण्याची टाकी ही सगळी यंत्रे भोसरी-चिंचवडच्या लहान कारखानदारांच्या आवाक्यातली आहेत. गावातच टरफल निघाले तर वाहतूक वाचते आणि तूस गुरांच्या गोठ्यात वापरता येते. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या हाती धान्याऐवजी भगरीची किंमत येते. या पट्ट्याकडे गिऱ्हाईक म्हणून सगळे पाहतात. धान्याच्या उद्योगाला अवजारे पुरवणारा कारागीर म्हणूनही त्याच्याकडे पाहायला हवे, असे आम्हाला वाटते.

पाकिटाला विचारायचे चार प्रश्न

शेवटी वर्गासाठी एक प्रकल्प सुचवतो. मुलांनी घरातली, दुकानातली भरड धान्याची पाच-सहा रिकामी पाकिटे जमवावीत आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत.

१. यात ते धान्य किती आहे? नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. ज्या घटकाची पाकिटावर ठळक जाहिरात केली आहे त्याचे प्रमाण टक्क्यांत देणेही आवश्यक आहे. समोर ‘नाचणी’ मोठ्या अक्षरात आणि मागे नाचणी १० टक्के, असे एखादे पाकीट सापडते का?

२. दाणा अख्खा आहे की सोललेला? तंतूंचा आकडा वरच्या तक्त्याशी ताडून पाहा. त्यात मिसळलेल्या इतर घटकांचाही विचार करा.

३. साखर, तेल आणि मीठ किती? चांगल्या धान्यावर साखरेचा थर दिला तर पोषणाच्या हिशेबात काय उरते?

४. पाकिटावरच्या किमतीवरून त्या धान्याचा किलोमागे भाव काय पडला? बाजारात तेच धान्य कितीला मिळते? फरक कशामुळे असेल?

जवळच्या बचत गटाला किंवा पोळी-भाजी केंद्राला भेट देता आली तर पाचवा प्रश्न तिथे विचारा: तुमचे पीठ किती दिवसांचे आहे? भाकरी रोज थापणाऱ्या बाईकडे या प्रश्नाचे तयार उत्तर असेल, आणि ते उत्तर ती का देते आहे हे मुलांना आता समजेल.

मुलांनी केलेले तक्ते आणि बाजरीच्या वासाचे आलेख आम्हाला जरूर पाठवा. तिन्ही डब्यांचे आलेख कोणत्या दिवशी एकमेकांपासून दूर जाऊ लागले, हे विशेषतः कळवा. पावसाळ्यात केलेला प्रयोग आणि मे महिन्यात केलेला प्रयोग यांत फरक पडतो का, हेही पाहता येईल.